बांगड्यातला पारा आणि सासूबाईंची आमसुलं

बुधवारी संध्याकाळी माझे यजमान कारखान्यातून घरी आले, चपला दाराशी काढल्या आणि आईला म्हणाले की आजपासून या घरात मासे शिजणार नाहीत.

सासूबाई विळीवर बसून बांगडे साफ करत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं, मुलगा थट्टा करतोय. मालवणी घरात बुधवारी कोणी असं बोललं तर दुसरं काय वाटणार? त्यांनी बांगड्याचं डोकं उडवलं आणि ताटात ठेवलं.

यजमानांना मी कायम 'हे' म्हणत आले, इथेही तसंच लिहिते. ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. भेटायला येणारी माणसं ह्यांच्या शांतपणाबद्दल आणि सचोटीबद्दल बोलतात. त्यात खोटं काही नाही. पण डोळे मिटले की मला दिसतो तो तळलेला बांगडा तराजूत घालून त्याच्याकडे संशयानं बघणारा माणूस. त्याच्याबद्दल भेटायला येणाऱ्यांशी बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही भांडुपला डोंगराच्या बाजूला एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. हे आग्रा रोडवरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होते. मी मुलुंडच्या एका शाळेत ग्रंथपाल. माझं माहेर घाटकोपरचं, पण मूळ घाटावरचं. लग्नाआधी माझी मासळीशी ओळख सुकटीपुरती होती. सासूबाईंनी मला बोंबलापासून मोरीपर्यंत सगळं शिकवलं. मोरी म्हणजे मुशी मासा. त्याचं त्या जे कालवण करायच्या, त्याला त्या मटण म्हणत, आणि ते झालं की चाळीत वरच्या मजल्यापर्यंत बातमी जाई.

तेव्हा मला दिवस गेले होते, आणि सगळं रामायण त्यावरूनच घडलं, हे आधीच सांगून टाकते.

जेवणं झाल्यावर ह्यांनी मला गॅलरीत बोलावलं. कारखान्यात रंगाला बुरशी धरू नये म्हणून पाऱ्याचं एक औषध घालत. त्याबद्दल वाचता वाचता ह्यांच्या हाती एक परदेशी मासिक लागलं होतं. कुठल्याशा देशात कारखान्याचं पाणी समुद्रात जात होतं, त्यातला पारा माशांत आला आणि मासे खाणाऱ्या बायकांना झालेली मुलं धड नव्हती. आमच्या आग्रा रोडवरच्या कारखान्यांचं पाणीही नाल्यातून खाडीतच जात होतं. हे मला एवढंच म्हणाले, "मला बाळाची भीती वाटते."

मी म्हटलं, मग आईंना तसं सांगा. ह्यांनी नकारार्थी मान हलवली. पोटातल्या बाळाबद्दल असं अभद्र घरात, त्यातून आईसमोर, तोंडातून काढायचं नसतं. रसायनशास्त्र शिकलेला माणूस, पण ही गोष्ट त्याला मासिकातल्या मजकुराइतकीच खरी वाटत होती. त्यामुळे ह्यांनी ठरवलं, आईशी फक्त शास्त्र बोलायचं. कारण सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं की मुलगा थट्टा करत नव्हता. त्यांनी विचारलं, माशात वाईट काय ते सांग. हे म्हणाले, पारा. त्या म्हणाल्या, बांगडो समुद्रातलो, तुमच्या नाल्यातलो न्हय. हे म्हणाले, नाला खाडीला मिळतो आणि खाडी समुद्राला. मग सासूबाईंनी शेवटचं अस्त्र काढलं.

"तुझो बापूस जल्मभर मासे खाय होतो. मेलो तो माडावरसून पडान. माशान नाय मारल्यान तेका."

याला कुठल्याही मासिकात उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला तो असा, की शिजवल्यानं माशातलं विष जातं की नाही ते घरातच तपासायचं. जात असेल तर मासे चालू. तोवर मी मात्र खायचे नाहीत. डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय, असं माझ्या नावावर खपवलं. खरंतर डॉक्टरांनी मला मासे भरपूर खायला सांगितले होते.

तपासणी रविवारी सुरू झाली. ह्यांचं पहिलं म्हणणं, मासा उकळायचा आणि पाणी फेकायचं. सासूबाईंनी एकदा मुलाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. उकडलेला, पाणी काढलेला, मीठही न लागलेला मासा ताटलीत पांढरा होऊन पडला होता. त्या म्हणाल्या, "ह्या आजाऱ्याक घालूचा की मेलेल्याक?" तो मासा चाळीतल्या मांजरीला घातला. तिनं तो हुंगला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मग सासूबाईंनी स्वतःचं शास्त्र मांडलं. आमच्याकडे पाण्याचा तांब्याचा हंडा होता. तो त्या दर शनिवारी कढीतून काढलेल्या आमसुलांनी घासत आणि तो नव्यासारखा लखलखे. त्यांचं म्हणणं असं, की आमसूल तांब्याचा काळेपणा ओढून घेतं, म्हणजे ते धातू ओढतं. पारा धातूच ना? मग सारात आमसुलं जास्त घातली की काम झालं.

ह्यांनी इथे एक चूक केली. ते प्रामाणिक असल्यामुळे म्हणाले की आमसुलातल्या आंबटानं धातूवरचा थर विरघळतो हे बरोबर आहे, पण माशात पारा वरून फासलेला नसतो, तो मांसालाच बिलगून बसलेला असतो. सासूबाईंनी यातलं 'बरोबर आहे' एवढं ऐकलं.

त्या दिवशीचं माशाचं सार काळपट लाल होतं. ते इतकं आंबट होतं की पहिल्या घासाला हे डोळे मिटून बसले. दात आंबले. बोलताना ओठ एकमेकांना चिकटत होते. सासूबाई मात्र मुलाला आणि स्वतःला दुसऱ्यांदा वाढत म्हणाल्या, बघ, सगळो पारो निघालो. हे कसंबसं म्हणाले की निघाला असेल तर तो सारात उतरला, मग सार ओतून द्यायला हवं.

मालवणी बाईला तिच्या घरात बसून 'माशाचं सार ओत' म्हणणं काय असतं ते मला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. कोणी देव्हारा जरा बाहेर ठेव म्हणावं, तसं ते होतं. सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. ते सार त्यांनी एकटीनं संपवलं, आणि संध्याकाळी पोटात जळजळ होते म्हणून ताक प्यायल्या.

पुढचा बुधवार तळणीचा. आमच्याकडे तराजू नव्हता. हे खालच्या वाण्याकडून मागून घेऊन आले. वाण्याला वाटलं, आम्ही घरी दुकान काढतोय. तो तराजू देताना जरा खट्टू होता. ह्यांनी कच्चा बांगडा तोलला, मग मसाला लावून, रवा लावून तळला, मग पुन्हा तोलला. तळलेला बांगडा हलका भरला. ह्यांचा चेहरा उतरला. सासूबाई म्हणाल्या, हलको झालो म्हणजे इख गेला. हे म्हणाले, गेलं ते पाणी.

हे एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ह्यांना खात्री करायची होती. कच्च्या बांगड्याचा तुकडा, तळलेला बांगडा आणि नव्यानं केलेलं सार, असे तीन डबे घेऊन हे प्रयोगशाळेत गेले. संध्याकाळी परत आले ते खाली मान घालून. एक तर पारा इतका बारीक मोजायची सोय त्या प्रयोगशाळेत नव्हतीच. तिथे रंग किती वेळात वाळतो ते बघत. आणि दुसरं म्हणजे दुपारी सगळ्यांनी डबे उघडले, तेव्हा ह्यांनी नमुना, नमुना म्हणून ओरडेपर्यंत तळलेला बांगडा संपला होता. सारही कोणीतरी भातावर घेतलं. कच्चा तुकडा तेवढा परत आला, बसच्या उकाड्यानं वास मारत. ह्यांचे साहेब ह्यांना म्हणाले म्हणे, की नमुना उत्तम आहे, पुढचा कधी?

सासूबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. ह्यांच्या अख्ख्या संशोधनातला तेवढा एकच निष्कर्ष त्यांनी मान्य केला.

मध्येच ह्यांनी दुसरी आघाडी उघडली. तेव्हा डासांसाठी महापालिकेची माणसं भिंतींवर डीडीटी फवारून जात. सुक्या मासळीवर माश्या बसू नयेत म्हणून काही जण तीच पावडर टाकतात, असं ह्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. डीडीटीचा स्वभाव वेगळा, ती चरबीत जाऊन बसते. मग माशाचं कातडं काढायचं, पोटाकडची चरबी काढायची, तळल्यावर तेल निथळू द्यायचं आणि ते तेल पुन्हा वापरायचं नाही. ही एक गोष्ट मात्र खरोखर कामाची होती. पण कातडं काढलेली तारली तव्यावर टाकली की तिचा चिवडा होई. आणि निथळलेलं तेल फेकवेना, म्हणून हे ते एका डब्यात साठवू लागले. डब्यावर त्यांनी कोळशानं कवटी काढली. चित्रकला बेताची असल्यामुळे ती गणपतीसारखी दिसे. सासूबाई येता-जाता तिला नमस्कार करत, मुद्दाम.

डबा भरल्यावर ह्यांनी ते तेल दारांच्या बिजागऱ्यांना घातलं. आमची दारं करकरायची थांबली. उन्हाळ्यात मात्र दार उघडलं की बांगड्याचा वास येई, आणि मांजर येऊन उंबऱ्यात बसे.

या मांजरीवर ह्यांची नजर होती, हेही सांगायला हवं. त्या मासिकात लिहिलं होतं की माणसांच्या आधी तिथल्या मांजरी बिघडल्या, तोल जाऊन नाचल्यासारख्या पडू लागल्या. आमच्या चाळीतली सगळी मासळीची घाण ही एकच मांजर खायची. त्यामुळे हे रोज सकाळी दात घासता घासता तिच्या मागे जिना उतरत, ती सरळ चालते का बघायला. एक दिवस ती तिरपी चालली. हे ब्रश तोंडात धरून धावत वर आले. सासूबाई म्हणाल्या, काल मी तिला उरलेलं आंबट सार घातलं होतं, तिचे दात आंबले असतील. माणसाचे दात आंबल्यावर माणूस तिरपा चालत नाही, असं हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मांजर सरळ चालली आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्यांकडे राहायला गेली. आमच्या घरचं जेवण तिला मानवेना.

अशातच तो रविवार आला. ह्यांनी आईला नीट समजावायचं ठरवलं. ते पाटावर बसले आणि म्हणाले की मासा धुतला, उकडला, तळला, काहीही केलं तरी पारा जात नाही. पाणी जातं, वजन घटतं, आणि उरलेल्या घासात पारा उलट दाट होतो. इथवर ठीक होतं. पण ह्यांना वाटलं, एखादं उदाहरण द्यावं.

"समज, मे महिन्यात चाळीतले निम्मे लोक गावाला गेले. पण एक भांडखोर बाई गेली नाही. मग भांडणं तेवढीच, पण माणसं कमी. म्हणून जास्त जाणवतात."

सासूबाई मे महिन्यात कधी गावी जात नसत.

त्यांनी विचारलं, "म्हणजे पारो म्हणजे मी?"

ह्यांनी नाही नाही म्हटलं, पण त्यात एक क्षण गेला. तो क्षण पुरला. सासूबाई उठल्या, पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि लुगडी भरायला लागल्या. माझ्या हातचं खायला विष वाटतं, माझं सार ओतून टाक म्हणतात, डबो करून नमस्कार करूक ठेवतात, आता मी नको तर मी गावाक जातंय. सगळं हुंदके न देता, शांतपणे म्हणत त्या भरत होत्या. आपण नकोसे झालो ही भीती मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहिली. माझे दिवस भरत आले होते. मला आई नव्हती. बाळंतपण त्याच करणार होत्या, आणि ते त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांची लुगडी ट्रंकेत जातच होती.

हे खांबासारखे उभे. माझ्या लक्षात आलं, हा माणूस आईला जाऊ देईल, पण ते अभद्र बोलणार नाही. मी घरात कमी बोलणारी. त्या दिवशी मी ट्रंकेशेजारी खाली बसले. तेव्हा खाली बसणं सोपं नव्हतं. मी म्हटलं, "आई, त्यांना तुमच्या हातची भीती नाही. त्यांना ह्याची भीती वाटते." आणि पोटावर हात ठेवला. मग मासिकातलं सगळं सांगितलं. मुलांचंही सांगितलं.

सासूबाई हातात लुगडं धरून ऐकत राहिल्या. मग लुगडं घडी मोडून परत दोरीवर टाकलं. मुलाकडे वळल्या. "गाढवा, आधी सांगूचा नाय?" इतकंच.

मग त्या देवासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. गावाकडे गुरव किंवा मानकरी देवाला मोठ्यानं सगळं सांगतो, मागणं मागतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बाईनं ते घालण्याची रीत नाही. त्यांनी घातलं.

"बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाचा शिक्षाण जरा जास्ती झाला, तेची तेका माफी कर. आमसुलांचा माझा काय चुकला आसात, ता पोटात घाल. माशात जा काय इख आसात ता खाडयेच्या तोंडात जाऊंदे. आणि सुनेच्या पोटचा पोर धडधाकट येऊंदे रे म्हाराजा. तोवर मी मासो खावचंय नाय."

माणसं जमलेली नव्हती. मी होते, मला रीत माहीत नव्हती. मग मागून ह्यांचा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

त्यानंतर घरात मासे खरोखरच बंद झाले. ह्यांना हवं होतं ते झालं, आणि ते ह्यांना अजिबात सहन होईना. बुधवारी सासूबाई वालाची आमटी करत आणि विळीकडे बघत. जेवताना त्या ताटात काटे शोधत बसल्यासारखी बोटं फिरवत. हे अर्धा भात टाकून उठत.

एका शनिवारी हे स्वतः मासळीबाजारात गेले. मीही बरोबर होते. आमची नेहमीची मासेवाली खाडीकाठच्या जुन्या गावठाणातली, गळ्यात क्रूस, तोंडानं फटकळ. ह्यांनी पुढच्या मासिकांतून एवढं वाचलं होतं की मोठा मासा लहान माशांना खातो, वर्षानुवर्षं जगतो आणि त्यांचा सगळा पारा त्याच्या अंगात साठत जातो. तेव्हा शिजवण्यात नव्हे, निवडण्यातच काय ते आहे. म्हणून ह्यांनी पाटीतल्या एकेका माशाकडे बोट दाखवून त्याचं वय विचारायला सुरुवात केली. हा किती वर्षांचा? आणि ही?

मासेवालीनं पाटीवर पाणी मारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वय कशाला इचारतो हा? सोयरीक जमवायची हाय काय?"

अख्खा बाजार हसला. हेही हसले. आणि आम्ही मांदेली घेतली. बोटाएवढी, सोनेरी, दर्याची. त्या मांदेलीचं आयुष्य इतकं लहान असतं की पारा साठवायला तिला सवडच मिळत नाही, असं हे घरी येताना वाटेत दोनदा म्हणाले. बांगड्याचाही तसा फार दोष नव्हता, असं त्यांना वाचता वाचता कळलं होतं. उगाच त्या बिचाऱ्याला तराजूत घातलं. खऱ्या गुन्हेगार मोरी आणि मोठाल्या सुरमया.

सासूबाईंनी मांदेली तळली, मला वाढली आणि स्वतः समोर बसून बघत राहिल्या. हे म्हणाले, आये, तूपण खा. त्या म्हणाल्या, देवाला शब्द दिलाय, तुझ्या मासिकाला नाही.

मुलगी झाली. रडली ती वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, मोरीच्या मटणाच्या बातमीसारखं. सासूबाईंनी तिचे हात-पाय, बोटं, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. मग ह्यांच्याकडे देत म्हणाल्या की घे, तराजूत घाल. हे रडत होते, त्यामुळे त्यांना विनोद कळला नाही. त्या बुधवारी सासूबाई मांदेलीचं पहिलं ताट घेऊन बसल्या, आणि काटेसुद्धा ठेवले नाहीत.

मोरी मात्र आमच्या घरात पुन्हा कधी शिजली नाही. कोणी बंदी घातली नव्हती. सासूबाई स्वतःच आणेनात. पुढे कधीतरी शेजारी मोरीचं मटण शिजत असलं की त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहत, आणि हेही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहत.

सासूबाई गेल्या. हेही गेले. मुलगी बोरिवलीला असते आणि तिला बांगडाच आवडतो. वाण्याचा तराजू परत केल्यावर ह्यांनी एक छोटा पितळी तराजू घेतला होता, तो फळीवर आहे. बुधवारी मी थोडी मांदेली आणते आणि सार ओतत नाही.